टवकासुद्धा नाही

ताई,

तुझ्या प्रदर्शनात मी बाथरूम शोधत शिरलो, तेव्हा उगाच हुरळून जाऊ नकोस. तुझं आहे हे दारावरच्या फोटोमुळे कळलं. केस कापलेस, बरे दिसतात.

बाबा गेल्यानंतरचे आपण तिघं तू मातीत केलेस. मूर्ती भाजायची, हातोडीनं फोडायची, मग काळ्या लाखेनं सांधायची. आईला खांद्यापासून कमरेपर्यंत सांधा आहे, तुला तर तोंडावरच. मी मात्र पाठीवर बॅग घेऊन हसतोय. टवकासुद्धा नाही.

राखणीवरच्या मावशींना विचारलं, "हा कसा वाचला हो?"

"तो धाकटा. बाई म्हणतात, त्याला कुठे काय झालं? बाप गेल्यावर आठवड्यात पळाला तो."

"मजा आहे पठ्ठ्याची."

"हात नका लावू."

नाही लावला. त्या बॅगेत बाबांचा चष्मा आहे, हे तुला तरी कुठून माहीत असणार?

बसस्टँडवर बसून लिहितोय. पोस्टात टाकेन असं वाटत नाही, माझं तुला ठाऊकच आहे. पण लाख गार होईपर्यंत तुकडे धरायला दुसरं माणूस लागतं ना? आईच्या वेळी कुणी धरले?

मलाही फोड. धरायला मी येतो.

तुझा,
बॅगवाला