डेरियनचं वळण

६ एप्रिल, शनिवार

पाठवला एकदाचा मेसेज! हंटिंग्टन बीचला कॅम्पर — आमचं चाकांवरचं घर — लावला, रॉइस पाण्याची नळी जोडायला खाली उतरला, तेवढ्यात मी उरकून टाकलं. 'शेल्बी, आम्ही किनाऱ्याने खाली येतोय. अठराला, गुरुवारी, डेरियनला पोचू. तुझ्या अंगणात एक रात्र गाडी लावली तर चालेल का? डॅडी बरोबर आहे.'

शेवटचं वाक्य टाकू की नको, टाकू की नको — टाकलं. तिने वाचलंय, तशी खूण आली. उत्तर नाही.

रॉइसला यातलं काही माहीत नाही. म्हणायला आम्ही निघालोय फ्लोरिडात, सेंट ऑगस्टीनला. वाटेत मुलीचं गाव लागतं हे दोघांनाही ठाऊक आहे, बोलत मात्र कुणीच नाही.

७ एप्रिल

उत्तर नाही.

८ एप्रिल

शेजारच्या कॅम्परमधल्या ओपलबाई गार गोड चहाचे दोन ग्लास घेऊन आल्या. बसल्या तर मांडीवर त्यांचा भुंकरा कुत्रा. "काय गं, पोरंबाळं कुठे असतात?"

एकच मुलगी, म्हटलं. जॉर्जियात, डेरियनला.

"मग झालंच की! तिच्या अंगणात गाडी लावायची, तिच्याच घरातून विजेची वायर ओढायची, घरात लुडबुड करायची आणि तिने डोळे वटारायच्या आत निघायचं. मी तर पाचही पोरांची अंगणं झिजवलीत!"

हसले मी. काय सांगणार त्यांना? शेल्बीच्या लग्नाच्या दिवशी रॉइसने मला चर्चपर्यंत आणलं आणि स्वतः पिकअप ट्रकमध्ये बसून राहिला. एसी लावून! जावई, क्लिंट, कोळंबीच्या बोटीवरचा, त्यात एकदा घटस्फोट झालेला. "असल्याच्या हातात मी माझ्या मुलीचा हात देणार नाही," म्हणे. बापाचा हात धरून यायचं, ती शेल्बी एकटीच चालत आत आली. ट्रक खिडकीतून स्पष्ट दिसत होता. तिने बघितला, मी तिला बघताना बघितलं. याला चार वर्षं झाली. बापाशी एक शब्द नाही. मला ख्रिसमसला आणि मदर्स डेला फोन येतो — इकडे ऊन आहे, तिकडे पाऊस आहे, ठेवते.

तेव्हापासून रॉइस कोळंबीला शिवलेला नाही. समुद्रकाठच्या हॉटेलात बसून हा माणूस चिकन मागवतो! जेवण वाढणारी पोरगी बघतच राहते.

१० एप्रिल — एडिस्टो

आज निघायचं होतं. निघालो नाही. पाण्याचा पंप वाजतोय म्हणे! मला तर काही ऐकू आलं नाही. काल ताडपत्रीचा दांडा वाकडा झाला होता, परवा मागच्या चाकात हवा कमी होती. गाडी ठणठणीत आहे, बिघडलाय तो माणूस. दक्षिणेकडे सरकायचं म्हटलं की याच्या हातात पाना येतो.

मी तरी कुठे धड आहे! एकच कपाट सकाळपासून तीनदा लावलं. शेल्बीसाठी आणलेल्या सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या आधी खालच्या फळीवर ठेवल्या, मग वर, मग परत खाली. किनाऱ्यावर फिरायला गेले तर अर्ध्या वाटेतून परतले, कारण फोन गाडीत राहिला होता. बरं, परत येऊन बघते तर काय? ओपलबाईंचा कुत्र्याचा फोटो.

११ एप्रिल

उत्तर नाही. डोळ्यांना न दिसणारी चिलटं मात्र भरपूर. खाजवून खाजवून पाय लाल झाले.

१३ एप्रिल — हंटिंग आयलंड

भांडण झालं. व्हायचंच होतं.

मी दर पाच मिनिटांनी फोन उचलते हे त्याच्या लक्षात आलं. "कुणाची एवढी वाट बघतेस?" म्हणाला. सांगून टाकलं.

"मला न विचारता?"

"तुला विचारत बसले असते तर म्हातारी झाले असते!"

"मग आत्ता कोण आहेस?"

एरवी दोघंही हसलो असतो. आज नाही हसलो. मी बरंच बोलले. चर्चचं काढलं, ट्रकचं काढलं, बायका माझ्याकडे कशा बघत होत्या तेही काढलं. तो पान्याने टेबलावर टकटक करत ऐकत राहिला. शेवटी एवढंच विचारलं — "काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

खुर्ची घेऊन बाहेर गेला आणि खाडीकडे तोंड करून बसला. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणाला, आला नाही. मीही पुन्हा हाक मारली नाही.

१५ एप्रिल

आज एक नवल घडलं. रस्त्याच्या कडेला एक बाई बर्फाच्या पेटीत कोळंबी घेऊन बसली होती. रॉइसने चक्क ब्रेक मारला! एवढी मोठी गाडी गवतात उतरवली, खाली गेला आणि त्या बाईला विचारायला लागला. बोटी किती दिवस बाहेर असतात? वादळात काय करतात? घरी बायका फोनची वाट बघतात का?

बाई म्हणाली, "दादा, कोळंबी घ्यायचीय की माझी मुलाखत?"

घेतली त्याने. मग बाई खुलली. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाने कंबरडं मोडलं म्हणाली, कित्येकांनी बोटी विकल्या. "जे अजून टिकलेत ना, ते एक तर वेडे, नाही तर लय चिवट."

संध्याकाळी त्याने स्वतः शिजवली. लोणी, लिंबू, खाली मक्याची मऊ लापशी. ताट रिकामं झाल्यावर ताटाकडेच बघत म्हणाला, "त्या दिवशी मी आत येणार होतो. ट्रकचं दार उघडलं होतं मी. पण मग वाजंत्री सुरू झाली, सगळे उभे राहिलेले दिसले. म्हटलं, आता उशीर झाला."

चार वर्षं हे पोटात ठेवून बसला होता. मला रडू आलं, रागही आला. एवढं सांगायला कोळंबी लागली याला!

१७ एप्रिल — स्किडअवे

उद्या. उत्तर नाही.

रॉइसने दाढी केली, मग माझ्याकडून मानेवरचे केस कापून घेतले. "कान कापू नकोस," म्हणाला.

१८ एप्रिल — जेकिल आयलंड

जेकिल आयलंड! इथे यायचंच नव्हतं आम्हाला!

डेरियनची पाटी दिसली. मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते, बरण्या पायाशी. रॉइसने वळायचा दिवा लावला. आणि मग — बंद केला. सरळ पुढे गेला.

"रॉइस! वळण गेलं! रॉइस!"

ओरडले, दारावर हात आपटला. बऱ्याच पुढे जाऊन विश्रांतीच्या जागी थांबला. हात काही स्टिअरिंगवरून सुटेनात.

"तिने बोलावलं नाही, नेडीन. हे धूड घेऊन तिच्या दारात गेलो आणि तिने पडदा ओढून घेतला तर? मी काय परत गाडीतच बसून राहू?"

"मग बसून राहा! निदान तिच्या दारात तरी बस!"

उत्तर नाही. बाप तसा, लेक तशी! इंजिन चालू करून इथे आणून उभी केली गाडी. सांगून टाकलंय — उद्या मी टॅक्सी करून एकटी जाणार, तुला काय करायचं ते कर. तो तिकडे तोंड करून पडलाय. झोपलेला नाही. त्याचा राग यावा की कीव, तेच कळत नाही मला.

१९ एप्रिल

उठले तर नळी गुंडाळलेली, वायर काढलेली, इंजिन चालू. "बस," रॉइस म्हणाला. बसले.

शेल्बीचं अंगण रिकामं होतं, त्यांच्या दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला लावलेल्या. ओकच्या झाडाला शिडी, शिडीवर करवत घेऊन क्लिंट. कुंपणाशी कापलेल्या फांद्यांचा ढीग. ढिगातल्या खालच्या फांद्यांची पानं पार वाळून गेलेली, म्हणजे कापणं कित्येक दिवस चाललेलं.

"एवढी एकच राहिलीय, सर," तो वरूनच म्हणाला. "तुमचं छत घासलं असतं. काल आम्ही जेवायचे थांबलो होतो. उत्तरात काय लिहावं ते तिला सुचेना."

शेल्बी बाहेर आली. आमच्याकडे बघितलंच नाही. सरळ गाडीच्या मागे गेली, बापाला आरशात दिसेल अशी उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"येऊ दे, डॅडी. येऊ दे. मी बघतेय."