गेरूची लोकर

भवानी पेठ, सोलापूर
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप तात्याबामामांना,

पत्रातूनच पाया पडते. मामींचे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. काम तेच, शहाबादी फरशीच्या पट्ट्यात मुरलेलं पाणी कुठं जातं ते संगणकावर मांडायचं. त्या दगडाच्या पोटात इतक्या फटी आणि भुयारं आहेत की पाणी सरळ जातच नाही.

तुमच्या गावाजवळ तो ओढा जमिनीत गडप होतो ना, तिथलं पाणी माझ्या नकाशात पूर्वेला नदीकडे जात होतं. त्या भरवशावर ग्रामपंचायतीनं तिथंच गावाचा कचरा टाकायचं ठरवलं. खात्री करायला मागच्या आठवड्यात मी त्यात हिरवा रंग सोडला आणि नदीकाठी बाटल्या घेऊन बसले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या वस्तीवरून बसव्वाचा फोन, "बाई, आमच्या झऱ्याला हिरवं पानी आलंय की!" रंग बिनविषारी होता. कचरा तसा नसता, आणि वीस घरं तेच पाणी पितात.

तुम्ही दोन वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतंत. "पोरी, कातरायच्या आदी मेंढरं हितं धुतली, की खुणंचा गेरू लावल्याली लोकर तिसऱ्या दिशी बसव्वाच्या झऱ्यात निगती." मी ते वहीतसुद्धा लिहिलं नाही. एवढी शिकून शहाणी झालेली मी!

ग्रामपंचायत म्हणते, एका झऱ्यावरून जागा बदलणार नाही, पाणी आणखी कुठं निघतं ते दाखवा. सोळा तारखेला पाहणी आहे. त्या जागा फक्त तुम्हाला ठाऊक आहेत.

तुम्ही माझा फोन का उचलत नाही, तेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी ओढा बघायला आलेल्या माझ्या कामावरच्या सरांनी विचारलं, "हे कोण?" तुमच्या खांद्यावर घोंगडी होती, पायाला चिखल होता. मी म्हणाले, "इथले वाटाडे आहेत." तुम्ही ऐकलंत. तरी संध्याकाळपर्यंत आमच्यापुढे चालत वाट दाखवलीत. मला तुमची लाज वाटली होती, मामा. मला माफ करा.

हे पत्र शेजारच्या हेमावतीकडून मोठ्यानं वाचून घ्या, मामींनाही ऐकू दे. सोळा तारखेला सरही येणार आहेत. वाट तुम्हीच दाखवा. पण चालायला लागण्याआधी जरा थांबा. सगळ्यांसमोर मला तुमच्या पाया पडायचंय.

तुमच्या बहिणीची मुलगी,
राजनंदिनी