बांधाखालचं पाणी

प्रिय जर्मेन,

हे पत्र हाताने लिहितोय, कारण फोनवर कोण कोण कान लावून बसतं याचा मला भरवसा नाही. हसू नकोस. तुझी आई म्हणायची, "इसिडोरला डॉक्टरने गोळी दिली तरी तो आधी कुत्र्याला हुंगायला देईल." सख्खी बहीण, पण खोटं बोलत नव्हती.

इकडे तळ्यावरचा बर्फ फुटला, जाळी पाण्यात पडली. माझ्या मोडेस्टच्या बायकोला, सूनबाई सेलेस्टीनला, सातवा महिना लागलाय. हिवाळाभर रोज विचारायची, "बाबा, हा मासा खाऊ की नको?" मी म्हणायचो, थांब. खाणीचा साहेब आम्हाला खुशाल खा म्हणतो आणि स्वतः मात्र शहरातून आणलेलं पाणी पितो, तेव्हा थांबलेलंच बरं. तिला सांगायचो, जर्मेन पाणी तपासणार आहे, ती सांगेल.

आता मनातलं सांगतो, रागाव हवं तर. ईस्टरला तू आलीस तेव्हा मी तुला माशाची कलेजी वाढली. पाहुण्याचा मान असतो तो. तू ती ताटाच्या कडेला सारलीस आणि म्हणालीस, "मामा, पोट बरं नाही." तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोरीला काहीतरी ठाऊक आहे आणि ती आपल्यापासून लपवतेय. त्यात कुणीतरी सांगितलं, तुझ्या प्रयोगशाळेतली यंत्रं खाणवाल्यांनीच घेऊन दिली आहेत. खरंखोटं मी विचारलंसुद्धा नाही.

मग तुझा फोन आला. काचेच्या दोन बाटल्या भरायच्या, एक खाणीच्या वरच्या अंगाला आणि एक सांडपाण्याच्या तळ्याच्या बांधाखाली, पाझर फुटतो तिथे. खाणवाले तेलासाठी जी डांबरी वाळू खणतात, तिच्याच दरडी कापत नदी मुळात येते, म्हणून खाणवाले म्हणतात की पाण्यातली विषारी आम्लं निसर्गाचीच. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की कुणाचं विष ते कळेल. इथवर पटलं. पण पुढे तू म्हणालीस, "आणि मामा, तंबाखू वाहू नकोस. बोटाला लागली तरी तपासणी बिघडेल." पाण्याकडून काही घ्यायचं तर आधी त्याला चिमूटभर तंबाखू द्यायची, हे लहानपणी मीच तुला शिकवलं होतं. म्हटलं, झालं, पोरगी त्यांची झाली.

मी बाटल्या भरून पाठवल्या, आणि गावच्या सभागृहात तू निकाल वाचलास. वरच्या बाटलीत आम्लंच आम्लं, बांधाखालची स्वच्छ. खाणीचा साहेब तर उठूनच उभा राहिला, "पाहा! हे पूर्वापार आहे, तुमच्या पणजोबांनी हेच पाणी प्यायलं." तू दोनदा सांगितलंस की हे मिश्रण तळ्यातल्या सांडपाण्यासारखं दिसतंय, ते वर कसं आलं मला कळत नाही. ऐकतंय कोण! म्हातारी फिलोमेन तुला तोंडावर म्हणाली, "खाणवाल्यांचा कोट छान बसलाय गं तुला!" लोक हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो.

जर्मेन, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची मी अदलाबदल केली होती. तुझी परीक्षा घ्यायला. विकली गेली असशील तर यंत्राला हात न लावता दोन्ही स्वच्छ म्हणशील, आणि खरी असशील तर 'वरच्या' बाटलीत विष सापडेल. मग मी उठून सगळ्यांना सांगेन, असं ठरवलं होतं. तू खरी निघालीस आणि मी नाडीच बांधत राहिलो. लाज वाटली गं. वाटलं, चार दिवसांनी सांगू. तोवर खाणवाल्यांनी तुझा अहवाल दुकानाच्या दारावर चिकटवला, 'बांधाखालचं पाणी स्वच्छ' या ओळीखाली रेघ ओढून. आपली जाळी बांधाच्या खालच्याच अंगाला. काल सेलेस्टीनने पोटभर मासा खाल्ला. मी ताट बाजूला ओढायला गेलो तर म्हणाली, "बाबा, आता कशाला भिता? आपल्या जर्मेनने तपासलंय." तेव्हा घरात सगळं सांगितलं. मोडेस्ट अजून माझ्याशी बोलत नाही. रविवारी सभागृहात उभा राहून गावालाही सांगणार आहे. हे पत्र तू तुझ्या प्रयोगशाळेच्या साहेबांना दाखव, खाली माझी सही आहे. आणि नव्या बाटल्या पाठवशील तेव्हा त्या एकट्या माझ्या हातात देऊ नकोस. भरताना शेजारी नजर ठेवायला तुझ्या विश्वासाचा माणूस उभा कर.

ज्याच्यावर आता तू शंका घ्यावीस असा, पण तुझाच,
इसिडोर मामा