दिवेलागणीचा फोन

ता. ४ ऑग.
दिवा लावला अन् रोजच्यासारखा आशूला फोन. नात माझी. आईबाप पुण्याला कंपनीत, ती वाढली इथं वडीगोद्रीत, माझ्यापाशी. आता बंगलोरला, फादर लोकांच्या खासगी विद्यापीठात. खो-खोवर जागा भेटली. आज आवाज लई बारीक. "घसा बसला का गं?" तर म्हणे, "न्हाई आबा, जिन्यात हाय." जिन्यात कशाला, विचारायचं राहून गेलं.

ता. ७
तिकडं मातीवर न्हाई, मॅटवर खेळतात, बूट घालून. "खांबाला वळताना पाय अडकतो, आबा." अंगणातला खांब मीच रोवल्ता तिच्या सरावाला. शेजारचा शेषराव म्हणे, "रिकामाच हाय तर म्हैस बांधू का?"
"बांध की. खो देती का विचार तिला."
भाकरी आजबी दोघांच्या थापल्या. सवय.

ता. १२
पोरगी रडली. अर्थशास्त्र, तेबी इंग्रजीतून. नापास. तिथला कायदा असा, अभ्यासात नापास तो संघाबाहेर. फेरपरीक्षा महिनाअखेर. तीबी गेली तर जागाच जाईल. "आबा, मी घरी येऊ का?"
ये म्हणायचं जिभेवर आल्तं. उद्या बोलू म्हटलं.

ता. १३
सकाळी हॉस्टेल सांभाळणाऱ्या सिस्टरचा फोन. हिंदीत बोलल्या. माझी हिंदी जुन्या जालन्याच्या कापडबाजारातली, तरी बराबर कळलं. "बाबाजी, शाम की घंटी के बाद पढ़ाई का समय है. फोन मना है. बच्ची रोज सीढ़ी पर पकड़ी जाती है. पूछो तो बोलती है, आबा घर में अकेले हैं."
चहा गार झाला.
म्हंजे इकडं मी दिवा लावायचो अन् तिकडं पोरीच्या अभ्यासावर फुंकर मारायचो.
संध्याकाळी मी केला न्हाई, तिचाच आला. एवढंच बोललो, "घरी यायचं न्हाई. या टायमाला फोनबी न्हाई. मीबी उचलणार न्हाई. रविवारी दुपारी पोटभर बोलू."
"अन् तुम्ही?"
"मी हाय की."


ता. २०
दिवेलागणीला हात आपसूक खिशात जातो. शेषरावला म्हटलं, आण तुझी म्हैस. खांबाला न्हाई बांधली, बाजूला खुंटी ठोकली. रवंथ करती, तेवढाच आवाज घरात.

ता. २४, रवि.
आशूनं चर्चची घंटा ऐकवली फोनवर. मैत्रीण अर्थशास्त्र समजावून देती म्हणे. मॅटवर पाय जमू लागला. उद्या पेपर. हसली एकदा. बास.

ता. २९
निकाल आज. सकाळपासून फोन उशाशी. दुपार गेली, न्हाई आला.
दिवा लावला. तिकडं घंटा होऊन गेली असंल.
आत्ता वाजला. आशूच. पास झाली असंल तर जिन्यात उभी असंल, उचलला की सिस्टरला सापडंल. अन् नापास असंल, सामान घेऊन बसस्टँडवर असंल, तर...
वाजायचा थांबला.
म्हैस कान टवकारून माझ्याकडं बघून राह्यली.
परत वाजून राह्यलाय.