फारोच्या घरी दिमियाना आत्या

मल्लावी, २ डिसेंबर

ती. इरीनीताईस,
प्रभूच्या शांतीसह ताद्रोसचा नमस्कार, वि. वि.

तुमच्या अलेक्झांड्रियात थंडी वाढली असेल, छातीला जप. बातमी अशी की, चर्चची लक्सरची सहल यंदा अबूनांनी माझ्यावर सोपवली आहे. थडगी, देवळं, वाटेतला मठ, सगळं. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलावर धर्मगुरूंनी एवढा विश्वास टाकला, म्हणून माझी झोप उडाली आहे. बसची चाकंसुद्धा मी वाकून पाहून आलो.

खरी काळजी आत्याची. मठात उतरेन, पण देवळात पाऊल टाकणार नाही म्हणते. ज्या फारो राजानं मोशेच्या माणसांना राबवलं, त्याच्या घरी मी पाहुणी म्हणून जाऊ का, असं मलाच विचारते. ती बसमध्ये बसून राहिली की बाकीच्या बायकाही बसतील, आणि अबूना पुन्हा मला काही सांगणार नाहीत. काय करू, ते लवकर कळव.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
ताद्रोस

अलेक्झांड्रिया, ७ डिसेंबर

चि. ताद्रोस यास,
ताईचे आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. चाकं पाहिलीस, आता नाईलचं पाणीही ढवळून बघ. आत्याला विनवू नकोस. विनवलं की तिला जोर चढतो, हे मी लग्न होईपर्यंत भोगलं आहे. नाताळआधीच्या उपवासाचे दिवस आहेत, दूध-तूप वर्ज्य; जेवणात तूप तेवढं पडू देऊ नकोस, नाहीतर आत्यापुढे फारो परवडला. आईमागे तिनंच आपल्याला वाढवलं. तुझी फजिती ती होऊ देणार नाही.

माया आहेच, ती लिहायला नको.
तुझी, इरीनी

लक्सर, १५ डिसेंबर

ती. ताईस,
दमलेल्या भावाचा नमस्कार, वि. वि.

थडग्यांपाशी आत्या बसमध्येच राहिली, आणि तिच्यासोबत चार बायका. मदीनत हाबूच्या देवळापाशीही तेच. अबूनांनी चर्चच्या पवित्र पावाची पिशवी माझ्याकडे दिली होती. देवळाच्या आतल्या चौकात जमिनीवर मुंग्या दिसल्या, म्हणून मी ती एका उंच, स्वच्छ दगडावर ठेवली. तो राजाच्या पुतळ्याचा चौथरा निघाला. पुतळ्याच्या पायाशी आपला पाव, अगदी नैवेद्यासारखा! अबूनांचा चेहरा उतरला. एक मुलगी ओरडत बसकडे पळाली.

आणि आत्या आली. काठी विसरून, तिकीट मागणाऱ्या पहारेकऱ्याला ढकलून. पिशवी छातीशी धरली आणि सगळ्यांसमोर मला झापलं, की मेल्या, फारोला जेवू घालतोस काय? मागोमाग त्या चौघी, मजा बघायला.

दम लागला म्हणून तिनं भिंतीला हात टेकला. बोटांखाली दगडात कोरलेला क्रूस लागला, तिच्या मनगटावर गोंदलेला आहे तसाच. अबूना म्हणाले, या चौकात कधीकाळी आपल्याच लोकांचं चर्च होतं. मग, हे मला आधी सांगायला तुमचं तोंड शिवलं होतं का, म्हणून तिनं आम्हा दोघांनाही धारेवर धरलं. मला वाटलं होतं, तिला माहीत असेल.

तिथेच बसून तिनं स्वतः पाव वाटला. पहिला तुकडा त्या ढकललेल्या पहारेकऱ्याला. बसनं भोंगा दिला तरी उठेना. बोलवायला गेलो, तर म्हणाली, पाहुण्यांनी निघावं, मी माहेरी आले आहे.

पुढची सहलही माझ्याकडेच आहे. अबूनांची अट एकच : पाव आत्यानं सांभाळायचा.

आत्याच्या धाकात आणि तुझ्या लोभात राहू इच्छिणारा,
ताद्रोस