मेघप्रतापचे उपरणे

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.
आज एका गंभीर अपराधाची नोंद करणे भाग आहे. ‘मेघप्रताप’ या मासिक चित्रकथेच्या अंक ११३ मध्ये नायकाचे उपरणे तांबडे होते. अंक ११४ मध्ये तीच लढाई, तोच राक्षस, उपरणे केशरी. मध्ये हा कपडे बदलायला कधी गेला? राक्षस थांबला होता काय? संपादकाला पत्र लिहिणार. चौदा पाने सहज होतील.

नोंद: हे अंक मी आवडीने घेत नाही. जूनमध्ये लेकीला, साक्षीला, लातूरला नीटच्या क्लासला पाठवले, तेव्हा मीच बजावले की वर्षभर चित्रकथा बंद. पण घरातल्या संचात खंड पडू नये, इतकाच हेतू. ११४ फक्त तपासला. दोनदा.

५ ऑगस्ट.
या प्रकाराला शेवटच नाही, हे माझ्या संतापाचे मूळ. आम्ही संस्कृत घेऊन एम.ए. झालो. आमच्याकडे नाटक संपले की भरतवाक्य होते, सर्वांचे कल्याण चिंतले जाते, लोक घरी जातात. इथे एकशे चौदा महिने झाले, कोणाचे कल्याण नाही, कोणी घरी जात नाही. नायक दर दिवाळीला मरतो, संक्रांतीला उठतो. ताज्या अंकात धरण फुटले, हा पाण्याखाली गेला आणि तळाला ‘पुढील अंकी’. महिनाभर माणसाने करायचे काय?

नांदेड स्टँडवरच्या स्टॉलवाल्या रेवणसिद्धला विचारले, ११५ जरा लवकर येईल का. म्हणतो, पत्रकारसाहेब, तुम्ही तर टीका करायला नेता ना, मग एवढी घाई? उद्धट माणूस. त्याच्या स्टॉलवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

६ ऑगस्ट.
रेवणसिद्धकडे गेलो. ११५ आलेला नाही. अर्धापूरच्या केळीची बातमी पेपरला द्यायची राहिली.

७ ऑगस्ट, गुरुवार.
साक्षीच्या क्लासचा मेसेज: चाचणीत मार्क घसरले. कारण मी पाच मिनिटांत शोधले. मनोरंजनाचा अभाव. माझा जूनचा निर्णय चुकला नव्हता, त्याची मुदत संपली होती.

दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातच्या लातूर गाडीने तिला डबा जातो. ड्रायव्हर सटवाजी तो लातूरच्या स्टँडवर तिच्या हाती देतो, मागचा रिकामा डबा घेऊन संध्याकाळी परत येतो. आज सौ.ने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली. तळाशी मी अंक ११२ ठेवला, प्लास्टिकमध्ये, चिकटपट्टी लावून.

११ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ.
गुरुवारचा डबा परत आला. अंक जसाच्या तसा. चिकटपट्टीसुद्धा हललेली नाही! सौ. म्हणाली, अहो, धपाटे पण तसेच आहेत, वास मारून राहिलेत. मी म्हणालो, विषय अंकाचा चालू आहे, फाटे फोडू नकोस.

सटवाजीला स्टँडवर गाठून झापले की डबा पोचतच नसणार. म्हणाला, काका, लेकराच्याच हातात देऊन राहिलो. पिशवी सुदिक उघडत न्हाई ती. लई वाळली हो पोरगी. मी म्हणालो, ड्रायव्हरने रस्त्याकडे पाहावे.

१२ ऑगस्ट.
फोन केला. पूर्वी ही पोरगी पाऊण तास भांडायची. आज: हाव. बरं. ठेवते. स्पष्टच आहे, रेंजचा घोटाळा. फोन कंपनीचीही तक्रार करणार. तिथे तीन पानांत भागेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ६.
उपाय सापडला. अंक ११४ च्या मुखपृष्ठावर लाल पेनाने लिहिले: ‘मेघप्रताप मेला. आता नक्की मेला. मालिका बंद करावी. – बाबा.’ पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘तातडीचे’.

आठ वर्षांची होती तेव्हापासून या वाक्यावर ती खवळते. बाबा, तुम्हाला काही म्हणता काही कळत न्हाई, तो मरत नसतो, पुढच्या अंकात येत असतो! मग पुरावे, जुने अंक, माझ्या चष्म्यावरून टोमणे. सौ. ताटे वाढून हाका मारत बसायची. नऊ वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही. अंक घेण्याचे हेही एक कारण असेल, गौण.

विजय निश्चित. तिच्या उत्तराला काय उत्तर द्यायचे, त्याचे टिपण तयार आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळ.
डबा आला. प्लास्टिक फाडलेले! सौ.ला मोठ्याने हाक मारली, म्हटले, बघ, बापाला मुलगी कळते की नाही.

माझ्या लाल ओळीखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: ‘असेल मेला. बरं झालं. सुटला.’

चष्मा पुसून पुन्हा वाचले. सौ.पुढे अंक धरला. तिने वाचला आणि कपाटातून प्रवासाची पिशवी काढली.

फोन लावला. उचलला. जेवलीस का विचारले. हाव म्हणाली. माझ्यासमोर तिचा भरलेला डबा उघडा होता. सकाळच्या गाडीने दोघे येतो म्हणालो. नको म्हणाली नाही. सौ. फोन सोडायला तयार नव्हती. अर्धा तास ती एकटीच बोलत राहिली, आणि पलीकडून साक्षीने फोन ठेवला नाही.

१९ ऑगस्ट. सकाळी ७.१०. लातूर गाडी.
सटवाजी म्हणाला, काका, आज डब्यासंगं तुम्ही बी? रस्त्याकडे पाहा म्हणायचे तोंडावर आले होते. म्हणालो, बाबा, जरा दामट.

सौ. खिडकीशी. डबा तिच्या मांडीवर, धपाटे अजून गरम आहेत. स्टँडवर रेवणसिद्धने हात करून ११५ दाखवला. घेतला नाही.

उपरणे तांबडे होते की केशरी, आता आठवत नाही.

साक्षी जेवत नाही. भांडत नाही. मला भीती वाटते.