पिशवीतला कोट

कन्नड,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास रामकिसनदादाचे अ. आ. वि. वि.

परवाचा तुझ्या शिष्यांचा कार्यक्रम लई गोड झाला. ती सायली व्हायोलिन सुरात वाजवते, तुझ्यासारखी घाई करत नाही. न भेटता निघालो, राग मानू नकोस. संध्याकाळी हर्सूलला वरात होती. बँडाचा लाल कोट पिशवीतच ठेवला होता, तुझ्या पाहुण्यांत बरा दिसला नसता. वेळेवर जेवतोस का, असं वहिनी विचारते.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा दादा


उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

फोन दोनदा लावला आणि तुम्ही उचलायच्या आत कापला, म्हणून लिहितो. मी काय केलं, त्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. त्यानंच जास्त लाज वाटली.

आधी गायचं, मगच गज उचलायचा, ही रीत मला कुणी शिकवली, असं सायलीनं मंचावर विचारलं. मी कानाची पाळी धरून पुण्याच्या पंडितजींचं नाव घेतलं. त्यांच्याकडे मी जेमतेम महिनाभर होतो. तुम्ही व्हायोलिन कधी हातात धरलं नाही, पण क्लॅरिनेटवर ओळ वाजवायचात, ती माझ्याकडून गाऊन घ्यायचात आणि मग तारेवर शोधायला लावायचात. आठ वर्षं, वरातीतून दमून आलात तरी. बँडवाल्याचा शिष्य म्हणवून घ्यायची मला लाज वाटली, दादा. आणि शेवटच्या रांगेत, माझा गुरू म्हणून पंडितजींचं नाव ऐकताच तुम्हीही आदरानं स्वतःची पाळी धरलीत. ते मी पाहिलं.

काल वर्गात सगळं खरं सांगितलं. तुमचं नाव घेतलं तेव्हा सगळ्या पोरांनी कान धरले. मग दादा मागे का बसले होते, असं सायलीनं विचारलं. आता तुम्हाला पुढे बसवायचं आहे. २३ तारखेच्या रविवारी वर्गावर याल का? विचारायचा हक्क उरला नाही, तरी विचारतो.

लोभ असावा, हे लिहायला आज हात धजत नाही.

सुदर्शन


कन्नड,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास अ. आ.

वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? हर्सूलच्या वरातीत दोनदा सूर चुकला, कधी नाही तो. वहिनी अजून फुरंगटलेली आहे, तिची समजूत तूच काढ. पोरांना म्हणावं, कान धरू नका, उघडे ठेवा.

रविवारी पहिल्या एसटीनं येतो. क्लॅरिनेट आणतो. कोट घरूनच अंगात घालून निघणार आहे. तू स्टँडवर घ्यायला ये.

तुझा दादा